कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतोय? बॉबीनला हात लावण्याआधी वरचा दोरा काढा

वरून टीप छान सरळ आलेली असते. कापड उलटून बघावं तर खाली दोऱ्याचं जाळं. दोन-चार इंच शिवून होत नाहीत तोच मशीन घरघरायला लागते, कापड पुढे सरकत नाही, चाक जड होतं, आणि जोर करून कापड काढायला जावं तर ते प्लेटच्या भोकात रुतून बसलेलं. शिवण शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या वाट्याला हे येतं. एकदा निस्तरलं तरी पुढच्या कुर्त्याला पुन्हा येतं, आणि चांगल्या कापडावर आलं की शिवायची हौसच जाते.

मी ठाण्यात घरी शिवण शिकवते. नौपाड्यातल्या, कळव्यातल्या, ट्रान्सहार्बरने ऐरोली-घणसोलीहून येणाऱ्या मुली माझ्याकडे असतात. क्लास नसलेल्या दिवशी फोन येतो तो बहुतेक वेळा याच कारणाने, आणि पहिलं वाक्यही ठरलेलं असतं: "ताई, बॉबीन खराब झालीये." तोवर तिने बॉबीन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याची गुंडी (बॉबीन) जिच्यात बसते त्या डबीचा, तो इवलासा स्क्रू इकडे-तिकडे फिरवून पाहिलेला असतो. कुणी तर बाजारात जाऊन नवी बॉबीन केसही आणलेली असते, आणि गुंता जसाच्या तसा.

गुंता खाली दिसतो म्हणून आपण दोष खाली शोधतो. पण खाली साठलेला तो दोरा वरच्या रिळाचा असतो. वरच्या दोऱ्याला ताण मिळाला नाही की तो परत वर ओढला जात नाही आणि कापडाखाली जमत राहतो. खात्री करून घ्यायची असेल तर वर लाल आणि बॉबीनमध्ये पांढरा दोरा घालून एखाद्या चिंधीवर शिवून बघा. जाळं लाल निघेल.

टाका कसा पडतो ते एकदा डोळ्यांनी बघा

यासाठी दहा-पंधरा मिनिटं काढाच. पुढचं सगळं निदान यावरून आपोआप सुचतं.

मोटरची मशीन असेल तर प्लग काढा, पायाची असेल तर चाकावरचा पट्टा उतरवा. सुईखालची सरकती प्लेट किंवा समोरचं झाकण उघडा, आत मोबाइलचा उजेड पाडा आणि चाक हाताने, आपल्या दिशेने, अगदी सावकाश फिरवा. सुई तळापर्यंत जाते आणि किंचित वर यायला लागते. त्या क्षणी सुईच्या चपट्या बाजूला दोऱ्याचा एक छोटा फुगा तयार होतो. शटलचं, म्हणजे बॉबीनभोवती फिरणाऱ्या भागाचं, टोक नेमकं तेव्हाच येऊन त्या फुग्यात शिरतं, दोरा पकडतं आणि तो वेढा मोठा करत अख्ख्या बॉबीनवरून फिरवून आणतं. म्हणजे एका टाक्यासाठी कित्येक सेंटीमीटर दोरा खाली जातो, आणि प्रत्यक्ष टाक्याला त्यातला दोन-अडीच मिलिमीटरच लागतो. उरलेला सगळा वर ओढून घ्यायचं काम कोण करतं? मशीनच्या तोंडाशी वर-खाली नाचणारा तो भोकाचा हात, टेक-अप.

टेक-अपला खालचा वेढा ओढता येतो तो रिळाच्या बाजूने दोरा घट्ट धरलेला असेल तरच. ते धरायचं काम टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्यांचं. दोरा त्या चकत्यांच्या मध्ये नसेल, तर टेक-अप वर जाताना रिळावरून नवा दोरा सरसर येतो, कारण तो ओढायला सोपा असतो. खालचा सैल वेढा तिथेच राहतो. त्यावर दुसऱ्या टाक्याचा वेढा, त्यावर तिसऱ्याचा. तेच आपलं जाळं.

अमेरिकेत एलियस होव यांनी १८४६ साली ज्या मशीनचं पेटंट घेतलं, तिच्यातही हीच जोडी होती: टोकाशी भोक असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा नेणारं शटल. घरात आजीची काळी मशीन असो की नवी झिगझॅग, आतलं तत्त्व तेच आहे. म्हणून पुढे जे सांगते आहे ते दोन्हींना लागू पडतं.

आधी अडकलेलं कापड सोडवा

ओढू नका. ओढलं की सुई वाकते, वाकलेली सुई शटलच्या टोकावर आपटते, आणि तिथे एक बारीकसा ओरखडा पडला की तो पुढे कायम दोरा तोडत राहतो. गुंत्यापेक्षा हे नुकसान मोठं.

फूट, म्हणजे सुईजवळचा कापड दाबून धरणारा पाय, वर उचला. चाक हाताने फिरवून सुई पूर्ण वर आणा. फिरत नसेल तर किंचित पुढे-मागे हलवून सुई मोकळी करा. वरचा दोरा सुईजवळ कापून टाका. मग बॉबीन केस निघत असेल तर काढा, आणि कापड जितकं अलगद उचलता येईल तितकं उचलून त्याच्या आणि प्लेटच्या मधल्या दोऱ्यांत छोट्या कात्रीचं टोक घालून एकेक दोरा कापा. रिपरचं (शिवण उसवायच्या अवजाराचं) टोक कापडाच्या दिशेने धरू नका, मलमल असेल तर भोक पडायला क्षणही लागत नाही. कापड सुटलं की प्लेटचे स्क्रू काढून आतले तुकडे चिमट्याने वेचा. एखादा तुकडा शटलच्या खाचेत राहिला, तर तुम्ही बाकी सगळं बरोबर केलंत तरी मशीन पुन्हा अडणार, आणि तेव्हा कारण सापडणं फार अवघड जातं.

फूट वर, मगच दोरा

आता वरचा दोरा पूर्ण काढा. रिळापासून सुईपर्यंत, सगळा. सुईतून निसटला म्हणून नुसता सुईत परत ओवून चालत नाही.

दोरा ओवताना फूट वर उचललेला हवा. बहुतेक मशीनमध्ये फूट वर असताना टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि फूट खाली टाकला की मिटतात. फूट खाली ठेवून दोरा ओवला तर तो मिटलेल्या चकत्यांच्या कडेवरच राहतो, आत जातच नाही. बाहेरून बघताना मात्र सगळं व्यवस्थित ओवलेलं दिसतं, म्हणूनच हा दोष लवकर सापडत नाही. नव्या झिगझॅग मशीनमध्ये चकत्या झाकणाच्या आत लपलेल्या असतात, तिथे तर दोरा कुठे बसला हे दिसतही नाही. अशा मशीनवर ओवताना उजव्या हाताने रिळापाशी दोरा धरून ठेवायचा आणि डाव्या हाताने तो खाचेतून खाली ओढायचा, म्हणजे ताठ राहून तो आत बसतो.

दुसरी तपासायची जागा टेक-अपचं भोक. दोरा तुटला की त्यातून बऱ्याचदा निसटतो, आणि घाईत आपण टेन्शनवरून सरळ सुईकडे जातो. टेक-अप चुकला तर पहिल्या चार टाक्यांतच मशीन ठप्प होते, इतका मोठा गुंता होतो. चाक फिरवून टेक-अप अगदी वर आणूनच ओवायला बसा, म्हणजे तो नजरेआड राहणार नाही.

ओवून झालं की ताण तपासा. सुईत दोरा घालण्याआधी, फूट वर असताना दोरा ओढा: सहज यायला हवा. आता फूट खाली टाका आणि पुन्हा ओढा: चांगला अडकत, जोर लावल्यावर यायला हवा. दोन्ही वेळा सारखाच सैल येत असेल तर दोरा चकत्यांत नाही, किंवा चकत्यांमध्ये काहीतरी अडकलं आहे. जुन्या दोऱ्याचा एखादा तुकडा, धूळ, कधी गंज. फूट वर ठेवून सुती कापडाची दुमडलेली कड चकत्यांच्या मध्ये घालून दोन-तीनदा आरपार ओढली की बहुतेक कचरा निघतो.

माझ्या अनुभवात फोनवर आलेल्या बहुतेक तक्रारी इथेच संपतात. म्हणून मी मुलींना फोनवरच करून घ्यायला लावते.

"ताई, मी नीट ओवलंय. तीनदा बघितलं."

"अगं, फूट कुठेय आत्ता?"

"खाली."

"वर उचल. सगळा दोरा काढ, आणि परत ओव."

फूट खाली टाकायचाच राहतो

हे कारण वरच्या कारणाचंच भावंड आहे आणि तितकंच सर्रास आढळतं. गळ्याला कॅनव्हास लावलेला असतो, वर पट्टी, खाली शिवणीची माया (शिवणीबाहेर ठेवलेलं जादा कापड), असे चार-पाच थर फुटाखाली गेले की फूट वर असूनही कापडाला टेकलेला वाटतो. आपण शिवायला लागतो. फूट वर म्हणजे चकत्या उघड्या, म्हणजे ताण शून्य. गळा शिवतानाच गुंता होतो आणि बाजूच्या शिवणीला होत नाही, अशी तक्रार असेल तर आधी हेच बघा. मशीनच्या मागचा दांडा खाली आहे का हे बोटाने चाचपून मग पाय चालवायची सवय लावली की हा प्रकार पुन्हा होत नाही.

शिवणीच्या सुरुवातीलाच गुंता होत असेल तर

मध्ये टीप उत्तम आणि पहिल्या अर्ध्या इंचातच गुच्छ, हा वेगळा प्रकार. इथे टेन्शनला हात लावायचं कारण नाही. वरचा आणि खालचा, दोन्ही दोरे चार-पाच इंच बाहेर काढून फुटाखालून मागे घ्या, पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत डाव्या हाताने हलके धरून ठेवा. मोकळी टोकं सोडली की शटल तीच आत खेचून घेतं. सुरू करताना टेक-अप अगदी वर आणि थांबतानाही वर, ही दुसरी शिस्त. नाहीतर पहिल्याच टाक्याला दोरा सुईतून निघून जातो.

मलमल, व्हॉइल, जॉर्जेट, शिफॉन अशी पातळ कापडं मात्र दोरे धरूनही भोकात जातात. कापडाच्या अगदी काठावर सुई टेकवली की ती कापडालाच घेऊन खाली उतरते. झिगझॅग मशीनच्या प्लेटचं भोक आडवं, रुंद असतं, कारण सुईला डावी-उजवीकडे जायचं असतं. काळ्या मशीनचं भोक बारीक गोल असतं. त्यामुळे तीच मलमल आजीच्या मशीनवर नीट शिवली जाते आणि नव्या मशीनवर फसते. मशीनला दोष देऊ नका. सुई डावीकडच्या जागेवर सरकवता येत असेल तर सरकवा, म्हणजे एका बाजूने तरी प्लेटचा आधार मिळतो. आणि त्याहून सोपं, जे मी सगळ्यांना करायला लावते: एक चिंधी दुमडून फुटाखाली घ्या, तिच्यावर शिवायला सुरुवात करा आणि न थांबता तिला खेटून ठेवलेल्या खऱ्या कापडावर जा. चिंधी नंतर कापून टाकायची. शिवण संपतानाही तशीच दुसरी चिंधी.

पातळ सुती कापडाला बेतण्याआधीच खळ करून घेतली तर कापताना ते पळत नाही आणि शिवताना भोकात जात नाही. तांदळाची पातळ पेज गाळून त्यात कापड बुडवा, सावलीत वाळवा, थोडं दमट असताना इस्त्री फिरवा. कपडा तयार झाल्यावर धुतला की खळ निघून जाते. पावसाळ्यात मात्र खळीचं कापड गुंडाळून ठेवू नका, आपल्याकडच्या दमटपणात त्याला वास लागतो.

टेन्शन हातानं शोधा

ओवणं बरोबर आहे, फूट खाली आहे, आणि खाली जाळं नसलं तरी छोटे छोटे सैल फासे दिसताहेत. आता कुठे टेन्शनच्या बटणाकडे वळायचं.

ज्या कापडाचा कपडा शिवायचा आहे त्याच कापडाचा हातभर तुकडा घ्या, दुहेरी करा. वर लाल दोरा, खाली पांढरा, दोन्ही एकाच जातीचे. एक टीप मारा आणि उजेडात धरून दोन्ही बाजू बघा. वरच्या बाजूला फक्त लाल आणि खालच्या बाजूला फक्त पांढरा दिसला पाहिजे. दोघांची गाठ कापडाच्या जाडीत लपलेली असते. खालच्या बाजूला प्रत्येक टाक्याशी लाल ठिपका किंवा लाल फासा दिसत असेल तर वरचं टेन्शन सैल आहे, वाढवा. वरच्या बाजूला पांढरे ठिपके आले आणि लाल दोरा ताठ दोरीसारखा सरळ पडला तर वरचं टेन्शन जास्त आहे, कमी करा.

आकडे असलेल्या मशीनवर साधारण ३ ते ५ च्या मध्ये काम होतं. काळ्या मशीनच्या बटणावर आकडे नसतील तर उजवीकडे फिरवलं की घट्ट, डावीकडे की सैल. एका वेळी थोडंसंच फिरवा, पुन्हा टीप मारा, तुकड्यावर पेन्सिलीने लिहा. बटण पूर्ण घट्ट करूनही लाल फासे जात नसतील तर बटण फिरवणं थांबवा. दोरा चकत्यांच्या मध्येच नाही, पुन्हा ओवा.

सुई

सुईकडे कुणाचं लक्ष नसतं, कारण ती तुटलेली नसते. पण बोथट किंवा किंचित वाकलेली सुई शटलला तो फुगा नीट देत नाही. मग टाके सुटतात, दोरा तुटतो, आणि सुटलेल्या टाक्यांचा दोरा खाली गोळा होतो. साधारण आठ तास शिवण झालं की सुई बदलावी. आठ तास मोजत बसायला नको असेल तर प्रत्येक नव्या कुर्त्याला नवी सुई, हा हिशेब सोपा. सुई कापडात शिरताना टकटक आवाज येऊ लागला की तिचं टोक गेलं.

आपल्या घरगुती मशीनच्या सुईच्या पाकिटावर एचए×१ किंवा १५×१ असं लिहिलेलं असतं. तिच्या मुठीची एक बाजू चपटी असते. कारखान्यातल्या मशीनच्या डीबी×१ सुईची मूठ पूर्ण गोल असते, आणि ती दुकानात त्याच खणात ठेवलेली असते. जांभळी नाक्याच्या बाजारात गर्दीच्या वेळी नुसतं "मशीनची सुई द्या" म्हटलंत तर कोणती हातात पडेल सांगता येत नाही. घरगुती मशीनची म्हणा, नंबर सांगा आणि पाकीट वाचून घ्या. मलमल-व्हॉइलला ११, नेहमीच्या सुती कुर्त्याच्या कापडाला १४, डेनिम किंवा जाड कॅनव्हासच्या पिशव्यांना १६ किंवा १८. होजियरी, टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाला बॉल पॉइंट किंवा स्ट्रेच सुई लागते. साध्या सुईने त्या कापडावर टाके सुटणारच, टेन्शन कितीही फिरवा.

सुई बसवताना ती वर टेकेपर्यंत ढकलायची आणि मग स्क्रू आवळायचा. कोणत्या बाजूने ओवायचं याचा गोंधळ होत असेल तर सुईवर नख फिरवा. एका बाजूला लांब खाच लागते. दोरा नेहमी त्या खाचेच्या बाजूने आत जातो आणि चपट्या बाजूने बाहेर येतो. उलट ओवला तर टाका धरणारच नाही.

आता बॉबीन

बॉबीनचीही कारणं असतात, पण ती एवढ्यानंतर बघायची.

बॉबीन भरताना दोरा भरायच्या छोट्या चकतीतून गेला नाही तर ती पोकळ, भुसभुशीत भरते. बोटाने दाबून दबली तर उलगडून पुन्हा भरा. जुन्या उरलेल्या दोऱ्यावर नवा रंग गुंडाळू नका, संपताना हमखास अडकतो. दुसऱ्या मशीनची बॉबीन वापरू नका. कारखान्याच्या मशीनची बॉबीन आपल्या घरगुती बॉबीनपेक्षा बुटकी असते, केसमध्ये नीट बसत नाही. धातूच्या जागी प्लास्टिकची किंवा उलट, हेही मशीनसोबतच्या पुस्तकात म्हटलं असेल तरच.

केसमध्ये बॉबीन घातल्यावर दोरा फटीतून स्प्रिंगच्या खाली ओढायचा. फटीत शिरताना दोरा उलट वळण घेत असेल तर बॉबीन बरोबर बसली, सरळच जात असेल तर उलटी. वरून झाकणाखाली बॉबीन बसवायच्या मशीनमध्ये दोरा ओढल्यावर बॉबीन सहसा घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. मग ताणाची परीक्षा: दोऱ्याचं टोक धरून केस हवेत लटकवा. आपोआप घसरत खाली गेली तर सैल. हलका हिसका दिल्यावर इंच-दोन इंच उतरून थांबली तर एकदम योग्य. हिसका देऊनही हलली नाही तर घट्ट.

सैल किंवा घट्ट निघाली तरच त्या स्क्रूला हात लावा. आधी त्याच्या खाचेची दिशा पेनाने केसवर खुणावून ठेवा, खाली ताट किंवा पांढरा रुमाल घ्या (तो स्क्रू पडला की फरशीवर सापडत नाही), आणि पाव फेऱ्याहूनही कमी फिरवा.

पायाच्या मशीनवरचा खास त्रास

पाय चालवायला शिकताना पहिले काही दिवस चाक मध्येच उलटं फिरतं. पायडल दाबायला सुरुवात केली तेव्हा दांडा नेमका कुठे होता त्यावर ते ठरतं. उलटं एक-दोन फेरे गेले तरी शटल दोरा उलटा गुंडाळतं आणि तो तुटतो किंवा अडकतो. म्हणून सुरुवात नेहमी हाताने: उजव्या हाताने चाक आपल्याकडे फिरवायचं आणि ते फिरायला लागलं की मग पायाने साथ द्यायची. थांबतानाही हात चाकावर. दोरा न ओवता, कापड न घेता, जुन्या वहीच्या रेघांवर नुसती सुई चालवून हा सराव करून घ्या. सासूबाईंनी कोपऱ्यात झाकून ठेवलेली मशीन काढून त्यावर शिकणाऱ्या कितीतरी जणी "मशीनच खराब आहे" म्हणून मध्येच सोडून देतात, आणि मशीनला काहीच झालेलं नसतं.

आपल्या हवेचा भाग

खाडीकाठची हवा, त्यात जून ते सप्टेंबर. सुईला आणि टेन्शनच्या चकत्यांना सूक्ष्म गंज चढतो, कापसाचा भुगा तेलात भिजून शटलभोवती घट्ट बसतो. पावसाळ्यात दर दोन-तीन कपड्यांनंतर प्लेट काढून ब्रशने भुगा झाडा. तोंडाने फुंकर मारू नका, वाफ आत जाते आणि भुगा आणखी खोल बसतो. तेल घालायचं ते मशीनचंच. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल काही दिवसांत चिकट होतं आणि मशीन जड चालते. काळ्या मशीनला तेल हवंच असतं. नव्या मशीनपैकी काहींना घरी तेल घालायचं नसतं, तिचं पुस्तक बघा. तेल घातल्यावर चिंधीवर चार-सहा टिपा मारून घ्या, नाहीतर पहिला डाग कुर्त्यावर.

दोराही बघा. डब्यात वर्षानुवर्षं पडलेलं सुती रीळ दोन हातांत ताणून पाहा, सहज तटकन तुटलं तर ते काजं-बटणांनाही वापरू नका. उजेडात धरल्यावर दोऱ्यात मध्येच जाड गाठी दिसल्या तर त्या सुईच्या भोकात अडकणार. चांगला पॉलिएस्टर दोरा सुती कापडावरही उत्तम चालतो. पन्नास-साठ रुपये वाचवायला शंभर टाके उसवत बसणं मला अजिबात पटत नाही.

कुर्त्याच्या चिऱ्यापाशी

बाजूची शिवण, चिऱ्याची दुमड आणि खालची दुमड जिथे एकत्र येतात तिथे कापडाची गाठ होते. फूट तिच्यावर चढताना पुढून उचलला जातो, खालचे कापड सरकवणारे दाते ते पकडत नाहीत, टाके एकाच जागी पडत राहतात आणि खाली गोळा होतो. इथे सुई कापडातच रुतवून थांबा, फूट उचला, त्याच्या मागच्या बाजूला त्या गाठीएवढ्या जाडीची दुमडलेली चिंधी सरकवा, फूट टाका. फूट सपाट झाला की तो सहज पुढे जातो. मग चाक हाताने फिरवत दोन-तीन टाके काढा. शिवणीची माया आधीच फोडून इस्त्री केली असेल आणि कोपऱ्यातलं जादा कापड तिरपं कापलेलं असेल तर बहुतेक वेळा चिंधीही लागत नाही. इस्त्री मशीनच्या शेजारी गरम हवी, शेवटी नव्हे.

नुकतंच शिकताय तर पहिले दोन-तीन प्रकल्प मुद्दाम सरळ शिवणीचे निवडा. उशीचा अभ्रा, नाडीचा परकर, लहान मुलीसाठी चुन्यांचा झगा. कापड मध्यम जाडीचं सुती, आधी धुऊन वाळवलेलं, कारण नव्या कापडातली खळ सुईला चिकटते आणि कुर्ता पहिल्या धुण्यात आटतो ते वेगळंच. मलमल आणि जॉर्जेट सहा महिन्यांनी घ्या. हातमागाचं महागाचं कापड घेऊन पहिला कुर्ता शिवायला बसलेल्या मुली गुंता झाला की घाबरतात आणि घाबरून ओढतात.

मेकॅनिकला कधी बोलवायचं

नवी सुई घातली, दोरा फूट वर ठेवून ओवला, बॉबीन केस लटकवून पाहिली, भुगा काढला, आणि तरीही दर चार-पाच टाक्यांनी एक टाका सुटतो किंवा दोरा ठरावीक जागी तुटतो. तेव्हा शटलच्या टोकावर ओरखडा असेल किंवा सुई आणि शटलची वेळ चुकली असेल. फुगा तयार व्हायच्या आधी किंवा नंतर टोक पोचतं. हे घरी करायचं काम नाही.

मेकॅनिकला बोलवाल तेव्हा लाल-पांढऱ्या दोऱ्याचा तो तुकडा आणि ज्या कापडावर त्रास झाला ते कापड दोन्ही समोर ठेवा. सुई कोणत्या नंबरची आहे, दोरा कोणता, टाका कुठे सुटतो, हे सांगा. "मशीन नीट चालत नाही" एवढंच सांगितलं तर सगळी मशीन खोलून तेलपाणी होतं, सर्व्हिसिंगचे पैसे जातात आणि मूळ दोष तसाच राहू शकतो. काम झाल्यावर त्यांच्यासमोरच तुमच्या कापडावर, तुमच्या दोऱ्याने, हातभर टीप मारून घ्या आणि कापड उलटून खालची बाजू बघा. मगच पैसे द्या.